पाट्यांची खोली

विमलताईंनी नव्या खोलीच्या भिंतीला तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. ऊन कधीच उतरले होते, तरी भिंत तव्यासारखी तापलेली. आत तर जीव घुसमटत होता.

ही खोली त्यांच्याच हट्टाची. लेक खुशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मुकुटबनला, येणार होती आणि घरातली मोठी खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. मागच्या साली बबनरावांनी घाईने कापूस विकला आणि मग भाव चढला. तेव्हापासून नवऱ्याने कापसावर जी मूठ आवळली, ती आवळलीच. यंदा भाव उतरत गेला आणि हा माणूस तो चढायची वाट बघत राहिला. दोघे ओसरीवर झोपायचे, कापसाने अंगाला सारखी खाज. अशा घरात बाळंतीण ठेवायची कुठे?

बबनराव म्हणत, विटांची बांधू, गवंडी मोकळा होऊ दे. त्या गवंड्याची वाट बघता बघता नातू शाळेत गेला असता. विमलताईंनी सरळ वणीहून सिमेंटच्या तयार पाट्यांवाला बोलावला. खांब रोवले, खाचांत पाट्या सरकवल्या, वर पत्रे टाकले. आठवडाभरात खोली उभी. असल्या पाट्या वावराच्या कुंपणाले लावतात, एवढेच बबनराव पुटपुटले होते. आता तेच खरे ठरले. पण ‘मी म्हटलं होतं’ असे ते एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर निदान भांडता तरी आले असते.

दुसऱ्या दिवशी विमलताई भाड्याचा कूलर बघायला सकाळच्या एसटीने वणीला गेल्या. ऐन उन्हाळ्यात कूलर कोण देतो? संध्याकाळी हात हलवत परतल्या, तर बबनराव डोक्यावर कापसाचे गाठोडे घेऊन नव्या खोलीत शिरत होते. खोली जवळजवळ भरलेली.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पोरीसाठी बांधली मी हे खोली, अन् तुम्ही तिथंबी कापूसच भरून राह्यले?”

बबनरावांनी गाठोडे उलटे केले आणि रिकामे फडके घेऊन ते निघाले. ताई तोंडाचा पट्टा चालू ठेवून त्यांच्या मागे मोठ्या खोलीपर्यंत गेल्या. तिथे थोडाच कापूस उरला होता. बाकीची जमीन नुकतीच सारवलेली, ओलीच होती. कापसामागे दडलेली खिडकी उघडी होती. जाड मातीच्या भिंतींमुळे आत गारवा होता.

ताईंनी त्या भिंतीला तळहात टेकवला. मग त्या हळूच म्हणाल्या,

“त्या पत्र्याखाली कापूस वाळन. वजन उतरन त्याचं.”

बबनरावांनी उरलेल्या कापसाची गाठ आवळली.

“उतरू दे,” ते म्हणाले. “हात लाव जरा, डोक्यावर घ्याले.”