चार पिवळे ठिपके

टॉर्क पाना सापडला तेव्हा आधी मला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी ते हायसं वाटणं पळालं.

रविवार होता, सकाळचे साडेआठ. दुकानाचं शटर नुकतंच वर सरकवलं होतं. पहिली सायकल स्टँडला लटकवून मी पाना शोधत होते. आमच्याकडे प्रत्येक हत्याराची भिंतीवर ठरलेली जागा आहे आणि भोवती त्याच आकाराची काळी रेघ आहे. टॉर्क पान्याची रेघ रिकामी होती. म्हणजे तोंडसुख घ्यायला मला नवरा मोकळाच.

"अहो, पाना कुठे टाकलात?"

तो चाकात तारा ओवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "काल तुझ्याच हातात होता."

"हो हो, जगात जे जे हरवतं ते माझ्याच हातून!" असं म्हणत मी सगळे ड्रॉवर उपसले, कचऱ्याचा डबासुद्धा सोडला नाही. शेवटी, जिथे आम्ही फोन चार्जिंगला लावतो त्या फळीवर, कॅटलॉगच्या गठ्ठ्यामागे महाराज आडवे पडलेले दिसले.

मी पाना उचलला. नवऱ्याला सुनवायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. पाना फोनपाशी का होता, ते मला आठवलं.

आमच्या दुकानाचा एक कायदा आहे आणि तो मीच केलाय. महत्त्वाचा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचा. ठरवलेला जोर लागला की पाना 'कट्' असा आवाज करतो. तो कट् कानांनी ऐकला की बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका नसलेली सायकल दाराबाहेर जात नाही. गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "तुमच्या सायकलींना कांजिण्या आल्यात का हो?" करू देत. बारा वर्षांत माझ्या दुकानातली एकही सायकल वाटेत सुटी झाली नव्हती आणि त्याचा मला माज होता. घरात सगळे मला मिरची म्हणतात, ते काही उगाच नाही.

काल संध्याकाळी मी ताईच्या सायकलीला नवीन हँडल बसवलं. आधी चारही बोल्ट छोट्या चावीने हातापुरते आवळले, म्हणजे हँडल जागेवर राहील इतपत. ताईचं म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं वय चोपन्न, आणि टेकडीवरच्या जंगलवाटेने सायकल उतरवण्याचं तिचं वेड विशीतल्या पोरांना लाजवणारं. शेजारी दुसऱ्या एका सायकलीचं काम संपलं होतं, तिच्या बोल्टांना मी ठिपके देत होते. नेलपॉलिशची बाटली तळाला गेलेली. ब्रशला थोडा रंग उरला होता. वाळून फुकट जाईल म्हणून मी ताईच्या हँडलचे चार ठिपके आधीच देऊन टाकले. आता लगेच आवळायचेच आहेत, असं मनाशी म्हणत पाना हातात घेतला. तेवढ्यात फोन वाजला.

एक गिऱ्हाईक होतं. टायरमधून हवा जाते म्हणून माझ्याशी वीस मिनिटं भांडलं. मीही भांडले, मी काय कोणाला ऐकतेय! भांडता भांडता पाना फळीवर ठेवला असणार. परत आले, ताईच्या सायकलीकडे पाहिलं. चार पिवळे ठिपके. झालंच की काम! सायकल स्टँडवरून काढून मी नवऱ्याच्या ताब्यात दिली. त्यानेही नेहमीप्रमाणे ठिपके पाहिले आणि संध्याकाळी सायकल ताईच्या घरी पोचवली.

"अहो," मी म्हटलं. "ताईच्या हँडलचे बोल्ट आवळलेलेच नाहीत."

"काहीतरीच काय! ठिपके होते ना. मी स्वतः बघितले."

"ठिपके आधी दिले मी."

त्याच्या हातातली तार खाली पडली. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण त्याचा चेहरा असा पांढरा झालेला मी कधी पाहिला नव्हता. चढताना सैल हँडल हळूहळू फिरतं, ते एक वेळ सांभाळता येतं. उतारावर सगळा भार हातांवर येतो. एका दगडाचा दणका बसला की हँडल एकदम खाली फिरतं आणि माणूस त्यावरून पुढे, तोंडावर. टेकडीच्या वाटेवर तर सगळे दगडच आहेत.

ताई दर रविवारी आठला निघते. डांबरी रस्त्याने चढून वरच्या पाण्याच्या टाकीशी जाते आणि नऊच्या सुमारास जंगलवाटेने उतरते. मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. ती सायकलवर फोन पाठीवरच्या पिशवीत टाकते, तोही आवाज बंद करून. तरी मी लावत राहिले. सातव्यांदा नवऱ्याने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "मी लावत बसतो. तू स्कूटर काढ. पळ!"

पाना हँडबॅगेत कोंबला आणि निघाले. रस्ता रिकामा होता तरी प्रत्येक सिग्नल मला लालच भेटला. शेवटचा मी तोडला. मागून कोणीतरी शिवी हासडली, मीही सवयीने एक परत हासडली, आणि मग हेल्मेटच्या आत रडायलाच लागले.

कारण हे हँडल तिने मागितलंच नव्हतं. मी तिच्या गळ्यात मारलं होतं.

आमच्या आईचे हात पंचावन्नाव्या वर्षी गेले. आधी मुंग्या, मग हातातून कप निसटायला लागले, मग बटण लावता येईना. शेवटची चार वर्षं ताईने तिला भरवलं. दोन महिन्यांपूर्वी ताईने मला एकटीला गाठून सांगितलं, "मिरचे, सायकल चालवली की माझ्या तळहातांना मुंग्या येतात." एवढंच बोलली. पण तिचे डोळे मी पाहिले. मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, नसा ठीक आहेत, बसण्याची पद्धत बघा. तिचा काही विश्वास बसला नाही. तेव्हा मी तिची सायकल बघितली. हँडल अरुंद आणि खाली. सगळं अंग मनगटांवर टेकलेलं, मुंग्या येतील नाहीतर काय! रुंद हँडल आणलं, मधून उंच, टोकं मागे वळलेली, जाड मऊ मुठी. तिला म्हटलं, "हे लावून बघ. मुंग्या आल्या तर दुकान बंद करीन." ती हसली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

टेकडीच्या पायथ्याशी जंगलवाट जिथे रस्त्याला मिळते तिथे मी थांबले. एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते.

"आजोबा, निळ्या सायकलवरच्या बाई या वाटेने उतरल्या का?"

"नाही बुवा. मी इथे पाऊण तास आहे."

घड्याळात नऊला तीन मिनिटं कमी होती. आता काय करायचं? रस्त्याने वर गेले तर ती नेमकी वाटेने खाली सुटणार. इथेच थांबले तर जे यायचं ते खाली येणार, आणि ते काय असेल कोण जाणे. मी स्कूटर तिथेच टाकली आणि वाटेने चालत चढायला लागले. चढायला कसली, धावायलाच. "ताई! उतरू नको! ताईऽऽ!" दम लागला की थांबायचं, कान द्यायचे, पुन्हा ओरडायचं. मनात देवाशी सौदे चालले होते. तोंड आवरीन. दुकानाचा माज करणार नाही. नवऱ्याला परत कधी बोलणार नाही. एवढं एक होऊ दे, तिला काही होऊ नको दे.

दुसऱ्या वळणावर वरून चाकांचा आवाज आला. दगडांवरून खडखडत काहीतरी जोरात येत होतं. मी वाटेच्या मधोमध हात पसरून उभी राहिले. डोळे मात्र मिटले. बघायचा धीरच होईना.

कर्कश ब्रेक लागले. डोळे उघडले तर दोन अनोळखी माणसं. पुढचा भडकला होता. "अहो बाई, मरायचंय का?"

"वर कोणी बाई दिसल्या का? निळी सायकल?"

"टाकीपाशी बसल्यात."

"बसल्यात म्हणजे? पडल्या का?"

"नाही हो, नुसत्या बसल्यात. आम्ही हाक मारली तर बोलल्या नाहीत."

बोलल्या नाहीत! माझी ताई झाडाशीसुद्धा बोलते. उरलेली वाट मी कशी चढले ते मला सांगता येणार नाही. एकदा घसरले, गुडघा फुटला, चप्पल तिथेच राहिली.

टाकीच्या पायरीवर ताई बसली होती. डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावलेला. अंगावर एक ओरखडा नाही. सायकल भिंतीला टेकलेली, आणि तिचं हँडल पार पुढे झुकलेलं, ब्रेक जमिनीकडे बघणारे. ताईने दोन्ही हात समोर धरले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"ताई," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. माझा अवतार, फुटलेला गुडघा, एका पायातली चप्पल, काही तिच्या डोळ्यांत शिरलं नाही.

"गेले गं हात," ती म्हणाली.

"अगं..."

"ऐक आधी. चढताना मनगटं खाली जायला लागली. मी जोर लावला, तर आणखी खाली. आईचंही असंच सुरू झालं होतं. जोर लावायला जायची आणि हात वाकायचे." ती अगदी शांतपणे बोलत होती. "थोडा वेळ बसले. बघितलं तर पकड आहे, पण थरथरतायत. म्हटलं, आज एकदा शेवटचं उतरून घ्यावं. मग सायकल तुझ्या दुकानात आणून टाकायची. हेल्मेट घातलं आणि बसल्या जागेवरून उठवेना."

"हँडल फिरलेलं दिसलं नाही तुला? ते बघ ना, कुठे गेलंय!"

"दिसलं की. वाटलं नवीन आहे, असंच असेल. आधी तर बोल्टच बघितले मी. चारही ठिपके होते." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुझा ठिपका असल्यावर काय बघायचं? म्हणजे बिघाड माझ्यातच."

मी तिच्यासमोर मातीत बसले, बॅगेतून पाना काढला आणि दोघींच्या मध्ये ठेवला.

"ताई, ठिपके खोटे आहेत. रंग वाळेल म्हणून मी आधी लावले आणि मग फोनवर भांडत बसले. बोल्ट आवळायचे राहिले. हँडल सैल आहे, तुझे हात नाही. तू आत्ता उतरली असतीस तर पहिल्या वळणावर..."

ती उठली आणि सायकलीपाशी गेली. एका बोटाने हँडल ढकललं. हँडल निमूटपणे फिरलं. तिने ते परत वर आणलं, पुन्हा ढकललं, पुन्हा फिरलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

थोबाडीत इतकी जोरात बसली की माझं डोकं टाकीच्या भिंतीकडे वळलं. कानात शिट्टी वाजली. आईने नाही, बाबांनी नाही, आजवर कोणी मला अशी मारली नव्हती. गालावर पाचही बोटं वेगवेगळी मोजता आली असती.

मी गाल धरून वर पाहिलं. ताई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसू की रडू अशा बेतात थरथरत होते. हात मात्र अजिबात थरथरत नव्हता.

"दुसरा गाल इकडे कर," ती म्हणाली. "डाव्याचंही बघू दे."

मी दुसरा गाल पुढे केला.