चार कप्प्यांतलं शहर

तांबटाच्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, तुम्हाला तुमची जन्मतारीख पाठ असते. आम्हा भांड्यांना ती सोय नाही. घरातल्या एखाद्या मोठ्या गोष्टीला धरून आम्ही आपलं वय सांगतो. त्या जुळ्या मुली आता चष्मा लावून सुईत दोरा ओवतात. त्यावरून मी किती जुना डबा आहे, ते तुम्हीच ठरवा.

मी पितळेचा आहे. मला चार कप्पे आहेत. ते एकावर एक बसतात, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्यांना घट्ट धरतात आणि वर एक मूठ आहे. खरं तर मला तीनच कप्पे असायचे होते. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या अक्कानं तीन कप्प्यांचा डबा सांगितला होता. एक तिचा, एक चादरी धुणाऱ्या घाईताईचा आणि एक घड्या घालणाऱ्या गोडबाईचा. तांबट तिसरा कप्पा ठोकत असताना घरून निरोप आला. त्या आनंदात त्याचा हात थांबलाच नाही आणि चौथा कप्पा घडून गेला.

अक्का डबा न्यायला आली आणि बघतच राहिली. "अहो, मी तीन सांगितले होते."

"अक्का, मी एक नात मागितली होती, दोन मिळाल्या. मी तक्रार केली का?"

अक्का हसली. आतून चकचकीत कल्हई केलेला मी तिच्या हातात लाँड्रीकडे निघालो. मला फार अभिमान वाटत होता. पाव्हणा म्हणून नव्हे, मी कामाला चाललो होतो.

चौथा कप्पा फार दिवस रिकामा राहिला नाही. त्याच हंगामात लाँड्रीत एक नवी बाई आली. दवाखान्याच्या, खानावळींच्या फाटलेल्या चादरी शिवणं हे तिचं काम. ती इतकं बारीक शिवायची, की चादर कुठं फाटली होती ते तिचं तिलाही सापडायचं नाही. सगळे तिला टाकेवाली म्हणू लागले. तिचा नवरा तिथंच बॉयलर सांभाळायचा. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात एकटीच जेवायला बसली, तेव्हा घाईताई ओरडली, "अगं ए, इकडे ये! तुझा कप्पा आधीच करून ठेवलाय तांबटानं."

जेवणाच्या सुट्टीत माझे चारही कप्पे कपड्यांच्या टेबलावर एकदम मांडले जायचे. कुणाचं काय, हे थोड्या वेळानं कुणालाच कळायचं नाही. मित्रांनो, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढं ती उपयोगी पडणार आहे.

वर्षातून एक दिवस लाँड्री बंद असायची. त्या दिवशी बॉयलर थंड करून आतून घासायचा असे. बायकांना सुट्टी मिळे. मग अक्का, घाईताई आणि गोडबाई सकाळच्या बसनं शहरात जात. पायी फिरत, जे आवडेल ते खात, जे दिसेल ते बघत. मी नेहमी बरोबर असायचो. घरच्यांसाठी खाऊ माझ्यातूनच यायचा.

टाकेवाली मात्र कधी आली नाही. बॉयलर घासायला तिचा नवरा आत उतरायचा. माणूस आत असला की तोंडाशी कुणीतरी बसावं लागतं. आतून आवाज येतोय ना, हे ऐकत राहावं लागतं. ती ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायची नाही. "तुम्ही जा," ती म्हणायची. "आल्यावर सांगा मला सगळं." त्या सांगायच्या. पण तिघी एकदम बोलायच्या, त्यामुळे तिच्या डोक्यात शहराचा नुसता गोंधळ झाला होता.

मग प्लॅस्टिकचे डबे आले. हलके, रंगीत, पडले तरी न वाजणारे. मी अक्काच्या कपाटावर गेलो. माझ्यात बटणं आली, नाड्या आल्या, एक मोडकं कुलूप आलं. आतली कल्हई उडाली. मी कुणाला दोष देत नाही, पण ज्याच्यात ऊन ऊन भात असायचा त्याच्यात मोडकं कुलूप असावं, हे बरं वाटत नाही.

एका वर्षी टाकेवाली आजारी पडली. ताप आला आणि गेला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. पाण्याशिवाय काही घशाखाली उतरेना. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की पोटात अन्न गेलं नाही तर औषधाचा काही उपयोग नाही. तो धिप्पाड माणूस लाँड्रीत येऊन बॉयलरजवळ नुसता उभा राहिला.

तिघी तिला बघायला गेल्या. अक्कानं विचारलं, "काय खावंसं वाटतं ते सांग. काहीही सांग."

टाकेवाली छताकडे बघत म्हणाली, "शहर."

बाहेर आल्यावर गोडबाईनं डोळ्याला पदर लावला. अक्का म्हणाली, "रडतेस कशाला? काय हवंय ते तिनं सांगितलं ना? बॉयलरचा दिवस परवाच आहे. आपण शहरच आणू." आणि घरी येऊन तिनं कपाटावर हात घातला. बटणं पलंगावर ओतली. कुलूप खिडकीतून बाहेर गेलं.

ती मला घेऊन तडक तांबटाकडे गेली. आता तो म्हातारा झाला होता. त्यानं माझ्या आत बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अक्का, हे काय करून ठेवलंय? यात आंबट काही घातलंत तर पितळेला लागून कळकेल. चांगल्या माणसाला बाधेल, मग आजाऱ्याचं काय होईल?" त्यानं हातातलं काम बाजूला सारलं. मला घासलं, तापवलं, कथील फिरवलं. संध्याकाळी माझ्या आत पुन्हा तोंड दिसू लागलं. माझ्या पोटात पुन्हा कामाचं बळ आलं.

तिघींनी बसमध्ये बेत ठरवला. आपण जशा चालू, तसा एकेक कप्पा भरायचा. पहिला घास तिचा, मग आपला. म्हणजे टाकेवाली डबा खाईल तेव्हा आपल्या मागून चालल्यासारखी सगळं शहर फिरेल. बेत इतका सुंदर होता, की तिघी एकमेकींचं कौतुक करत राहिल्या.

बसथांब्यामागच्या गल्लीत भट्ट्या होत्या. तिथं तीळ लावलेला पाव नुकताच निघाला होता. तो तळच्या कप्प्यात गेला. पाव घेऊन त्या जुन्या पुलावर आल्या. पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी सिंह होते आणि एका सिंहाच्या जबड्यात चिमणीनं घरटं केलं होतं. अक्कानं मला कठड्यावर ठेवलं. घाईताई म्हणाली, "अगं, डब्याला काय दाखवतेस? चल, उशीर होतोय."

"कसला उशीर? सुट्टी आहे आपल्याला."

"सुट्टीलाच उशीर होतोय!"

मासळीबाजारात निखाऱ्यावर भाजलेला मासा, त्यावर लिंबू. तो दुसऱ्या कप्प्यात. लिंबाची धार पडली तेव्हा मी घाबरलो नाही, कारण माझी कल्हई नवी होती. मग घड्याळाचा मनोरा. त्याच्या सावलीत एक बाई मोठ्या पातेल्यात टोमॅटोचं सूप घेऊन बसायची. ते तिसऱ्या कप्प्यात, अगदी काठोकाठ. शेवटी संग्रहालय. तिथं देवमाशाचा सांगाडा टांगला होता. गोडबाई त्याच्या खाली उभी राहून म्हणाली, "एवढा मोठा आणि पोटात काही नाही. बघवत नाही गं." समोरच्या दुकानातून मधाचा केक घेतला. तो सगळ्यांत वर. खटके लागले. येताना बसमध्ये अक्कानं मला मांडीवर धरलं, बाळाला धरतात तसं.

दिवे लागायच्या वेळेला आम्ही टाकेवालीच्या खोलीत पोचलो. तिची मुलगी उशाशी बसली होती. नवरा बॉयलरची काजळी धुऊन नुकताच आला होता, कानामागं अजून काळं होतं. अक्का ऐटीत म्हणाली, "हे घे तुझं शहर. सकाळपासून सुरू करायचं हं. आधी भट्टीचा पाव..." आणि तिनं झाकण उघडलं.

वर केक होता.

घाईताईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! हे तर संध्याकाळचं आहे! पाव तळाला राहिला!"

मित्रांनो, आठवतं ना? लाँड्रीत माझे कप्पे नेहमी एकदम मांडले जायचे. आधी काय आणि मग काय, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्यांना कधी पडलाच नव्हता. आणि मला तोंड असूनही बोलता येत नाही.

"सगळं खाली उतरवते मी," अक्का गडबडून म्हणाली. "पहिल्यापासून लावू."

टाकेवालीनं हात उचलला. बऱ्याच दिवसांनी तिनं आपणहून हात उचलला होता. "नको, अक्का. तुम्हाला ठाऊक नाही का? फाटलेलं मी कुठल्या बाजूनं शिवते?"

"उलट्या बाजूनं," अक्का म्हणाली.

"मग? तुम्ही तिकडून आलात, मी इकडून जाते. वाटेत कुठंतरी भेटूच."

आणि ती हसली. गोडबाईनं केकचा बारीकसा तुकडा तिच्या तोंडात घातला. खोलीतले सगळे तिच्या घशाकडे बघत होते. तो खाली उतरला.

"हा कुठला?" तिनं विचारलं.

"देवमाशासमोरचा," गोडबाई म्हणाली. या वेळी तिघी एकदम बोलल्या नाहीत. प्रत्येक कप्प्याची गोष्ट एकीनंच सांगितली. सूप कोमट झालं होतं, तरी ती चार चमचे प्यायली. माशाला नुसतं बोट लावून चाखलं. ती मनोऱ्यावरून बाजारात आणि बाजारातून पुलाकडे आली. चिमणीच्या घरट्याचं ऐकून ती म्हणाली, "सिंह बिचारा तोंड मिटत नसेल." शेवटी तळचा कप्पा उघडला. गार पावाचा एक तुकडा तिनं स्वतःच्या हातानं मोडला.

"आली बाई," ती म्हणाली, "सकाळ झाली."

तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डोळ्यांत काजळी गेली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली, मग भात. पुढच्या वर्षी बॉयलरचा दिवस जवळ आला तेव्हा अक्का लाँड्रीच्या मालकाकडे गेली. "या वेळी बॉयलरच्या तोंडाशी तुम्ही बसा. टाकेवाली आमच्याबरोबर येतेय." मालक काही बोलणार होता, पण अक्काच्या हातात तापलेली इस्त्री होती. तो बसला.

शहरात टाकेवालीनं सरळ वाटेनं जायला साफ नकार दिला. "माझं शहर देवमाशापासून सुरू होतं." केकचं दुकान उघडायचं होतं, म्हणून चौघी पायरीवर बसून राहिल्या. मग मनोरा, मग बाजार आणि संध्याकाळी भट्ट्यांची गल्ली. भट्टीवाला म्हणाला, "आता गार पाव घेऊन काय करता? सकाळी या की." ती म्हणाली, "दादा, मला गारच आवडतो." तो पाव चौघींनी पुलावर खाल्ला. मी कठड्यावर होतो. या वेळी घाईताईनंच मला तिथं ठेवलं आणि माझं तोंड सिंहाकडे वळवलं.

त्यानंतर दरवर्षी आम्ही शहर असंच उलटं फिरलो. मी ताटं पाहिली, काचेची भांडी पाहिली, मोठमोठ्या खानावळींतली चांदीची झाकणं पाहिली. पण एखाद्या माणसासाठी अख्खं शहर उचलून आणलेलं दुसरं भांडं मी अजून पाहिलेलं नाही. हे मी ताठ मानेनं सांगतो.

सध्या मी टाकेवालीच्या मुलीकडे असतो. ती मला घासते आणि वेळच्या वेळी कल्हई करून आणते. तांबटाची एक नात आता ते काम करते. मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटावर कुणीतरी बटणं पोटात घेऊन बसलं असेल. त्याला खाली काढा. आतून बोट फिरवून बघा. त्याला झळाळी देऊन कामाला लावा. आणि कुठं फिरायला गेलात, तर जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी एक कप्पा राखून ठेवा. कप्पे लावताना क्रम चुकला तरी चालेल.

टाकेवाली गेली, ती तांबटाच्या धाकट्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी, बॉयलरच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या संध्याकाळी तळचा कप्पा तिनं स्वतः उघडला होता.