कोरडा जोड

मायच्या समोरच्या दाताचा कोपरा तुटला आणि आमच्या घरात सुतक लागल्यासारखं झालं. माय हातमागावर नव्या ताण्याच्या उभ्या धाग्यांची टोकं जुन्या टोकांना पिळून जोडायची. दोन्ही हात पिळण्यात गुंतलेले, म्हणून धाग्याचं उरलेलं शेपूट ती दातानंच तोडी. आता ते तुटेना, नुसतं ओढलं जाई. मागाचे मालक नत्थूजींनी सांगून टाकलं, दिवाळीच्या लुगड्यांआधी दात नीट झाला नाही तर हे काम दुसरीला.

मी तिला इतवारीत डॉक्टर केशवरावांकडे नेलं. चौऱ्याऐंशी साल होतं, त्यांनी निळ्या उजेडाचा नवाकोरा दिवा आणला होता. त्यांनी अ‍ॅसिडनं दात खरखरीत केला, धुतला, वाळवला, मसाला भरला, वर दिवा धरला. आठवड्यात भरण निघून आलं.

"सुपारी फोडली असेल," डॉक्टर म्हणाले. मला असा राग आला! माय सुपारीला शिवत नाही.

दुसऱ्यांदा ते स्वतःवरच चिडले. मसाला घट्ट होताना आकसतो, एकदम भरला की दातापासून सुटतो, म्हणून या खेपेला पातळ थर देत बसले.

"कोरं सूत पाण्यात आटते, तसंच," माय म्हणाली.

तेही पडलं.

तिसऱ्यांदा मी खुर्चीला चिकटूनच उभी राहिले. दात वाळून खडूसारखा पांढरा झाला. डॉक्टर बाटली घ्यायला वळले, आणि मायची जीभ हळूच दातावरून फिरून आत गेली.

"माय! काहून चाटून राहिली वं?"

"कोरडं कधी जुळते का? ओलं केल्याबिगर धागा पीळ धरत नाही. डॉक्टर दरवेळी विसरते, म्हणून मीच करून दिलं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, थुंकी लागली की संपलं! हा जोड कोरडाच लागतो."

मायचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी तिचा हात धरला, तर तिची बोटं माझ्या तळहातावर सारखी पीळ देत होती. कुणी काम करतंय आणि आपण नुसतं बसायचं, हे तिला जन्मात जमलं नव्हतं. तिला घाम फुटला. मला तिची फार कीव आली.

दिवाळीच्या ताण्यावर ती बसली. दोन टोकं जिभेला लावली, पिळली, दाताशी नेली. कट्. शेपूट तुटलं. नत्थूजी बघून पुढच्या मागाकडे गेले.

मायनं मला जवळ बोलावून दात दाखवला.

"मी काहीच नाही केलं," ती नवलानं म्हणाली, "तरी जुळलं वं."