राक्षसाला भीती लागू नाही

"मामा, तुझा राक्षस गोड बोलायला गेला तर चार गुण वजा," भाची म्हणाली. "धमकावलं तर चार जास्त. तू नुसता उभा राहिलास तरी समोरचा घाबरतो. फासासुद्धा टाकावा लागत नाही."

"पण मला त्या नावाडिणीला नीट विचारायचंय," तो म्हणाला.

रविवारी दुपारी भाचीच्या खोलीत हा खेळ चाले. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, भाचीने गोष्ट पुढे न्यायची आणि अडेल तिथे फासा टाकायचा. खेळायला तिच्या दोन मैत्रिणी आणि हा मामा. सव्वासहा फूट उंच, दारातून तिरका होऊनच शिरणारा. कारखान्यात त्याला सगळे डोंगर म्हणत. खेळात त्याच्या वाट्याला राक्षस यायचा, हे कुणी ठरवलं नव्हतं; त्याला विचारलंही नव्हतं.

त्याने वीस बाजूंचा फासा टाकला. अकरा पडले. चार वजा, उरले सात; पुरले नाहीत. नावाडीण होडी टाकून पळाली. पोरी खो खो हसल्या. तोही हसला.

"आणि राक्षसच घाबरला तर?"

भाचीने नियमांचं पुस्तक चाळलं. "या जमातीला भीती लागू नाही."

कारखान्यात तो फाटकावर पहारेकरी होता. पण वर्षभरापासून साहेबांनी त्याला वेगळंच काम लावलं होतं. कुणाला कामावरून काढायचं असलं की त्याला वर बोलावणं येई. "काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. माझ्या खुर्चीमागे उभं राहायचं," एवढंच.

त्या बुधवारी आत आल्या त्या पॅकिंग खात्यातल्या वहिनी. एकोणीस वर्षं तिथे राबलेल्या, दुपारी फाटकाजवळच्या बाकावर त्याच्या शेजारी बसून आपल्या डब्यातलं अर्धं त्याच्या झाकणात वाढणाऱ्या, त्याला भाऊजी म्हणणाऱ्या. साहेबांपुढे मांडायचं ते सगळं त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. खुर्चीमागे तो दिसला आणि त्यांनी कागदाची घडी घातली. मग आणखी एक, मग आणखी एक, मुठीत मावेपर्यंत. राजीनाम्यावर साहेबांनी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

मध्ये पडावं असं त्याला वाटलं, पण ही नोकरी गेली तर या वयात दुसरं कोण दारात उभं करणार? आतून तो घाबरला होता. बाहेरून मात्र तो डोंगरच दिसत होता.

संध्याकाळी फाटकाशी त्याने त्यांना हाक मारली. "वहिनी, जरा थांबा. मी..."

त्या दोन पावलं मागे सरल्या. "जातेय ना साहेब. काही गोंधळ घालत नाही मी."

भाऊजीचा साहेब झाला होता.

पुढच्या रविवारी तो भाचीला म्हणाला, "माझ्या राक्षसाला भीती लाव."

"अरे मामा, मग त्याचा उपयोग काय? पहिल्याच लढाईत पळेल तो."

"पळू दे."

मग पेन्सिल घेऊन तिने त्याच्या कागदावरची 'भीती लागू नाही' ही ओळ खोडली. खेळातल्या गुहेच्या तोंडाशी त्याच्या फाशावर तीनच पडले. मैत्रिणी आत शिरल्या, राक्षस घाबरून बाहेरच राहिला. पाऊण तास त्याची पाळी आली नाही. तो पाय पसरून बसून होता. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सोमवारी वरून बोलावणं आलं.

"साहेब, हे काम मला नको," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

साहेबांना आधी कळलंच नाही. मग ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तुला?" त्यांनी शेजारच्या कारकुनालाही सांगितलं. तोही हसला.

"चल, उभा राहा," साहेब म्हणाले. "लेथवाला येतोय, त्याला काढायचंय. आणि हे काम नको असेल तर फाटकही नको, असं समजेन मी."

तो खुर्चीमागे गेला. दार वाजलं, तसा तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अरे, इकडे बघ," साहेब म्हणाले.

तो वळला नाही. त्याची मान घामाने भिजली होती. मागे लेथवाल्याची पावलं दाराशी अडखळली, थांबली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसतो जरा, साहेब," लेथवाला म्हणाला. "बोलायचंय."