रिकाम्या खोलीतली शेगडी

आत्याच्या हातातल्या मेणाला तडा गेला, आणि नेमका तेव्हाच भाचा दारात उभा होता. वाईट गोष्टीला साक्षीदार मिळायला कधी वेळ लागत नाही.

आत्या कवळ्या करायची. गल्लीच्या टोकाचे दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि आत्या गुलाबी मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायची. गावातले निम्मे म्हातारे तिच्या दातांनी जेवत आणि तिच्याच दातांनी तिच्याबद्दल बोलत. कामाची खोली मात्र उत्तरेकडची, घर जुनं दगडी, भिंती हातभर जाड. थंडीत बोटं वळत नसत आणि मेण पापडासारखं मोडे.

"बघ," भाचा म्हणाला. कोट, मफलर, कानटोपी यातलं काहीच त्याने उतरवलं नव्हतं. "इथे मेण तग धरत नाही, तू काय धरणार? आमच्या फ्लॅटवर चल. बटण दाबलं की ऊब."

"आणि कवळ्या कुठे करू? तुझ्या बायकोच्या ओट्यावर?"

"आता कशाला हव्यात कवळ्या? आराम कर की."

"आराम करणारी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांचे दात माझ्याकडेच असतात."

भाचा वाईट नव्हता. त्याला आत्याची काळजी होती, आणि काळजी असलेल्या माणसाशी भांडणं फार अवघड. तो ऐकूनच घेत नाही. शेवटी त्यानेच तोड काढली. "पुढच्या रविवारी येतो. या खोलीत मला कोट काढून बसता आलं, तर फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाहीतर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल. येताना पातळ शर्ट घालून ये."

भाचा गेला आणि आत्याने पदर खोचला. वखारवाल्याकडून दुप्पट लाकडं मागवली.

"लग्नबिग्न काढलंय की काय, आत्या?" वखारवाल्याने विचारलं.

"हो, भिंतीशी. तिला पाझर फोडायचाय."

खिडकीच्या फटी तिने कामाच्याच गुलाबी मेणाने बुजवल्या. खिडकीला हिरड्या फुटल्यासारख्या दिसू लागल्या. नुसते दात बसवायचे राहिले. वरचा झरोका आणि शेगडीचं धुराडं मात्र मोकळं ठेवलं. गुदमरूनच मरायचं, तर फ्लॅट काय वाईट होता? जमिनीवर सतरंज्या आल्या, दाराला जुनी घोंगडी आली. सकाळी लोखंडी शेगडी पेटवून ती कामाला बसे. दुपारपर्यंत नाकाच्या शेंड्याला जरा जाणीव येई. मग ती जेवायला उठे, उठताना शेगडीची झडप लावून आग विझवे, आणि परत येईपर्यंत खोली पुन्हा मूळ स्वभावावर गेलेली असे.

झडप लावणं हा घराचा कायदा होता. माणूस नाही तिथे आग नाही, असं आत्याचे वडील म्हणत. ते गेले तेसुद्धा आधी उशाचा दिवा मालवून, असं घरात अभिमानाने सांगितलं जाई. त्या घरात कुणी चुकून परीक्षेत नापास झालेलं चाललं असतं. रिकाम्या खोलीत दिवा ठेवलेला नाही. आत्याचा हात उठता उठता झडपेकडे जाई, डोक्याला न विचारता.

आठवडा सरत आला. लाकडांचा ढीग उतरला, खोलीचा गारठा उतरला नाही. आत्याने एक बॅग पलंगाखालून ओढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि रागाने पुन्हा आत ढकलली.

त्याच सकाळी एक कवळी शिजवायची होती. गुलाबी लगदा भरलेला प्लास्टरचा साचा पितळी डब्यात गच्च आवळून पाण्यात सोडायचा आणि गॅसवर ठेवायचा. घाई चालत नाही. प्लास्टर आधी स्वतःचं पोट भरतं, मग आतल्या लगद्याला ऊब देतं. मध्येच गॅस बंद केला, की हिरडी कच्ची. आत्याने डबा गॅसवर ठेवला आणि कामाच्या खोलीत येऊन दात घासत बसली. स्वतःचे नव्हेत, गिऱ्हाइकाचे.

कानस हातातच थांबली. स्वयंपाकघरात कोण होतं? कोणी नव्हतं. आग होती, माणूस नव्हतं. इतकी वर्षं ती वडिलांचा कायदा रोज मोडत होती, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचं भलं झालं होतं.

ती उठून भिंतीशी गेली. तळवा टेकवला. दगड गार होता, गारच असणार. रोज त्याच्या तोंडाशी घास न्यायचा आणि तो आ करतोय तोवर ताट उचलायचं.

"कच्ची," ती भिंतीला म्हणाली. "माझीच चूक."

दुपारी जेवायला उठताना हात झडपेकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून खोलीबाहेर नेला. जेवण गोड लागलं नाही. घास घेताना वडील मागे उभे आहेत असं वाटत राहिलं. "उभे राहा," ती म्हणाली, "पण दार लावून घ्या, ऊब जाते." मग शेगडी विझली म्हणून नाहीच. आत्या बाजारात गेली, शेगडी घरी. आत्या निजली, शेगडी जागी. सकाळी उठल्याउठल्या आधी तिच्या पोटात लाकूड, मग आत्याच्या पोटात चहा.

रविवारी भाचा आला. कोट होताच. तो स्टुलावर बसला आणि खिडकीच्या हिरड्यांकडे बघत राहिला. आत्या मेणात दात बसवत होती. मेण मऊ होतं, बोटंही. तिने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने मफलर सुटला. मग कोटाचं एक बटण.

"शेगडी मोठी केलीस?"

"शेगडी तीच आहे."

भाच्याने उठून भिंतीला हात लावला. मग कोट काढला आणि खुंटीला अडकवला. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख होतं. पण घाम त्याहून जास्त होता.

"बरं," तो म्हणाला. "राहिलं फ्लॅटचं. चहा तरी देशील?"

"स्वयंपाकघरात चल."

दोघं उठली. दारातून बाहेर पडता पडता भाच्याचा हात मागे वळला आणि झडपेकडे गेला, डोक्याला न विचारता. आजोबांचाच नातू तो.

"हात काढ!" आत्या गरजली. भाचा शाळेतल्यासारखा दचकला.

"अगं, पण आत कोणी नाहीये!"

"आहे," आत्या म्हणाली. "भिंत जेवतेय."