अर्ज नाकारला न्हाय

जांबोटीच्या पलीकडं, जंगलातल्या एका वाडीतल्या नऊ मुली रोज सहा किलोमीटर चालत हायस्कूलला जायच्या. त्यांच्यासाठी सकाळी बस सोडा, असा अर्ज वाडीतल्याच जयाबाईंनी स्वतः बेळगावला बसच्या कार्यालयात नेऊन दिला होता. चार महिन्यांनी इंग्रजीत एका ओळीचं उत्तर आलं : अर्ज बैठकीत ‘प्रीटर्मिट’ झाला आहे.

"रिजेक्ट झालाय म्हणायचं," पंचायतीतला क्लार्क म्हणाला. "आता वर्षभर नवा अर्ज चालत न्हाय."

जयाबाई घरी आल्या त्या उंबऱ्यावरच बसल्या. त्यांची सून रूपाली उचगावची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. हा शब्द तिलाही नवाच होता. तिनं ट्रंकेतली कॉलेजची डिक्शनरी काढली, अर्थ वाचला, खालची उदाहरणं दोनदा वाचली.

"आत्ती, अर्ज नाकारला न्हाय! करायचं काम हयगयीनं तसंच सोडून देणं, असा अर्थ हाय ह्याचा."

"म्हंजे कुणी बघितलाच न्हाय?"

"न्हाय."

"ऊठ मग. जांबोटीतनं पयली गाडी धरूया."

बेळगावच्या कार्यालयात साहेबांनी पत्र वाचून परत केलं. "नाकारला काय, प्रीटर्मिट काय, एकच झालं की ते."

"एक कसं, साहेब?" रूपालीनं विचारलं. "जेवायला आलेल्याला नाही म्हटलं, तर ते नाकारणं. तो पंगतीत बसलाय आणि त्याला वाढायचंच सोडून दिलं, तर ते प्रीटर्मिट."

साहेबांनी मोबाइलवर शब्द शोधला. मग पत्र लिहिणाऱ्या अधीक्षकांना बोलावलं. जड इंग्रजीची हौस असलेले अधीक्षक खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी वेळ संपला, सर. हा विषय घेतलाच नाही."

"मग निकाल झालेलाच नाही," रूपाली म्हणाली. "नवा अर्ज कशाला? हाच घ्या."

साहेबांनी जुन्या अर्जावर लाल पेनानं लिहिलं : पुढच्या बैठकीत पहिला विषय.

बैठकीत कुणीच विरोध केला नाही. पुढच्या महिन्यात, एका सोमवारी सात वाजता, हॉर्न वाजवत बस वाडीत शिरली. मुली आरडत धावल्या. त्यांच्या मागोमाग नवं लुगडं नेसलेल्या जयाबाई चढल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या.

"आक्का, तुम्ही कुठं निघालासा?" कंडक्टरनं विचारलं.

"हायस्कूलपतूर."

"काय काम हाय?"

"काम कसलं? बसून बघायचं हाय."