उबेच्या आड

मित्रांनो, मी रबराची एक जुनी शेकायची पिशवी. लाल होते, आता विटकरीसुद्धा म्हणवत नाही. साच्यातून निघाले तेव्हाच अंगावर बारीक रेघा होत्या, कुणाची कातडी भाजू नये म्हणून.

एका शिंपीणबाईने मला घरी आणलं. पाळीत पोट दुखलं की ती मला ओटीपोटाशी बांधून मशीन चालवी. पुढे तिच्या लेकीचंही तसंच सुरू झालं. ती उलट्या करी, शाळा बुडवी. तिची मावशी म्हणे, "आपल्या घराण्याचा दागिनाच हा, पोरी. मिरव." सगळ्या हसत. मला घरचा डॉक्टर म्हणत. मी फुगून जाई. पाण्यानेच म्हणा.

एकदा आई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परतल्यावर मला भरता भरता मावशीशी कुजबुजली. पोरीला बाहेर बसवून बाई म्हणाल्या होत्या, की गर्भाशयाच्या आतलं अस्तर हिच्या पोटात गर्भाशयाबाहेरही वाढतंय. दर पाळीला तिथे दाह होतो, सूज येते. औषध लगेच सुरू करा, नाहीतर आतले अवयव चिकटतील, पुढे मूल राहणं अवघड जाईल.

"आता स्थळं यायची," आई म्हणाली. "कळलं तर कोण करेल हिला?"

मग मला लेकीच्या पोटावर ठेवून म्हणाली, "काही नाही म्हणाल्या गं. लग्न झालं की थांबतं."

मी तिथेच होते, तोंडाला बूच लावलेली.

लग्न झालं, पण दुखणं थांबलं नाही. लेकीसोबत मीही सासरी गेले. मूल होईना म्हणून तपासण्या झाल्या, तेव्हा गर्भनलिका चिकटलेल्या निघाल्या. नव्या डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं कुणालाच कसं दाखवलं नाही?

भेटायला आलेली आई सवयीने स्वयंपाकघरातून मला भरून घेऊन आली. लेकीने हात पुढे केला नाही.

"आई, त्या खरंच काही नाही म्हणाल्या होत्या?"

आई माझं बूच घट्ट करत राहिली. ते घट्टच होतं.

"तुझ्या भल्यासाठीच गं."

"दुखायचं तेव्हा मी तुलाच सांगायचे ना."

मित्रांनो, मला वाटे मी तिचं दुखणं कमी करते. त्यांनी मला तिला गप्प ठेवायला वापरलं. माझ्या उबेशी असा दगा कुणी करू नये.

घरात कुणी कळवळत असेल तर शेक जरूर द्या, तो वाईट नाही. पण नंतर डॉक्टरकडे न्या. आणि डॉक्टर जे सांगतील, ते आधी तिला सांगा. पोट तिचं आहे.